मोजणीची मूळ फाइल ग्रामसभेला द्या

मा. उपविभागीय अधिकारी,
तथा अध्यक्ष, उपविभागस्तरीय वनहक्क समिती, किनवट



वनहक्काच्या दाव्यात जीपीएसने जमिनीची मोजणी झाली की तिची एक फाइल तयार होते. ती फाइल मूळ रूपातच ग्रामसभेला मिळावी, आणि ती उघडायला, दुरुस्त करायला लागणारी मुक्त सॉफ्टवेअर आपल्या कार्यालयाने रीतसर वापरात आणावीत, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. वन व महसूल नकाशे आणि मतदारयाद्या ग्रामसभेला किंवा वनहक्क समितीला पुरवणे हे वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनी आपल्याच समितीवर सोपवलेले काम आहे. पण संगणकात तयार झालेला नकाशा छापून, स्कॅन करून दिला, तर गावाच्या हाती नुसते चित्र येते आणि मोजलेले आकडे मागेच राहतात.

मोजणीची जीपीएक्स किंवा केएमएल फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅड प्लस प्लस या मुक्त मजकूर-संपादकात ती उघडली की कोनी कंसातल्या खुणा दिसतात आणि त्यांच्यालगत एकेका कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश. किनवटजवळ ते साधारण १९.६ आणि ७८.२ असतात, शेताचा बांध ठरतो तो त्यापुढच्या दशांश स्थळांवर. अक्षांशाच्या तिसऱ्या दशांश स्थळी एकाने चूक झाली तर कोपरा सुमारे १११ मीटर सरकतो. वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर, म्हणजे चौरस शेत धरले तर बाजू २०० मीटरची. त्याचा एक कोपरा बाजूच्या रेषेत तेवढा आत आला तरी एक हेक्टरहून जास्त जमीन हिशेबातून जाते! मूळ फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर क्षेत्रफळ लगेच निघते, हद्द वनखात्याच्या कक्षाच्या नकाशावर ठेवून पाहता येते आणि चुकलेला कोपरा तिथेच सापडतो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध आपल्या समितीकडे दाद मागायला दावेदाराला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत चित्रावरचे आकडे हाताने उतरवत बसायचे की चूक दाखवायची?

फाइल दिली तर कुणीही आकडे बदलील, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कार्यालयाची प्रत डिजिटल स्वाक्षरी करून ठेवणे. गावाच्या प्रतीत फेरफार झाला तर ताडून पाहताच तो उघडा पडेल. स्कॅन केलेल्या कागदाला तेवढेही संरक्षण नसते. खासगीपणाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. म्हणून आधार क्रमांक आणि फोन नंबर फाइलमध्ये असूच नयेत, वैयक्तिक हद्दी दावेदार आणि ग्रामसभेपुरत्याच राहाव्यात, आणि जाहीर यादीत दावा क्रमांक, गाव, क्षेत्र व निर्णय एवढेच यावे. फुकटच्या सॉफ्टवेअरवर सरकारी काम कसे सोपवायचे, असेही विचारले जाईल. केंद्र सरकारने २०१५ मध्येच आपल्या कार्यालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. आपल्यासाठी त्याहून मोठे कारण असे की कार्यालयात जो हिशेब झाला तोच परवान्याचा खर्च न करता गावातल्या संगणकावर पुन्हा करून पाहता येतो. कर्मचाऱ्यांना शिकवावे लागेल, हे खरे. त्यासाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची मदत मागता येईल.

सुरुवात कोलाम या आदिम समूहाच्या गुड्यांपासून, म्हणजे वस्त्यांपासून करावी, अशी विनंती आहे. अशा समूहांच्या अधिवासाचा हक्क वनहक्क कायद्यातच आहे, आणि अशा अधिवासाची हद्द एका गावाच्या शिवेत मावत नाही. अनेक ग्रामसभांना ती एकत्र बसून आखावी लागेल, तेव्हा प्रत्येकीपुढे तीच फाइल असायला हवी.

आपला,
एक नागरिक