लाल काड्यांचं झाड

माझी भाची लग्न करून इंग्लंडला गेली. तिनं दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक फोटो पाठवला. दंव पडून पांढरी झालेली हिरवळ आणि मधोमध शेंदरी काड्यांचा झुबका. पान एक नाही, फूल एक नाही. चुलीतला जाळ कुणी उचलून अंगणात ठेवावा तसं दिसत होतं. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, हे विलो. आमच्या मागच्या दाराचं.’

मैत्रिणींनो, हावरटपणा म्हणा, पण मला ते झाड हवंच होतं. नाशिकला गेले तेव्हा एका नर्सरीत विचारलं. ‘रेड विलो’ आहे म्हणाले. चारशे रुपये मोजले, एसटीत मांडीवर घेऊन सावळघाट उतरले आणि पेठला अंगणात लावलं. वर्षभर पाणी घातलं. काड्या काही लाल होईनात. मग फेब्रुवारीत त्याला लाल ब्रशासारखी फुलं लागली. बॉटलब्रश! फांद्या लोंबत्या, पानं निमुळती, म्हणून ‘विलो’ सांगून गळ्यात मारलं होतं. ह्यांनी शांतपणे विचारलं, “बाटल्या धुवायला आणलंयस का?”

चारशे रुपये गेले, पण त्या निमित्तानं विलो ओळखायला शिकले. ते सांगते, म्हणजे तुमचे वाचतील. पान चुरगळून वास घ्या. लिंबासारखा, निलगिरीसारखा वास आला तर तो बॉटलब्रश. त्याच्या जुन्या काडीवर कडक बोंडंही चिकटलेली असतात. विलोच्या पानाला तसा वास नसतो आणि बहुतेक जातींच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे डोळा. विलोच्या डोळ्यावर एकच टोपी असते, नखानं काढली तर अख्खी निघते. पुष्कळशा झाडांच्या डोळ्यावर खवल्यावर खवले असतात. नर्सरीवाल्यानं फोटो दाखवला तर फोटो बघू नका, रोपाचा डोळा बघा.

विलो तशी आपल्याला अगदीच परकी नाही. पोरं ज्याच्यासाठी हट्ट करतात ती काश्मीर विलोची बॅट याच कुळातली. काश्मिरी लोक थंडीत फिरनच्या आत निखाऱ्याची कांगडी धरतात, तिचं विणकामही विलोच्या काड्यांचं असतं. रंगीत काड्यांच्या विलो मात्र थंड मुलखातल्या बागांत हौसेनं वाढवलेल्या. पांढऱ्या विलोच्याच दोन जाती आहेत. ‘व्हिटेलिना’ची काडी हळदीसारखी पिवळी, आणि ‘ब्रिट्झेन्सिस’ची शेंदरी, ती बहुतेक माझ्या भाचीकडची. तिसरी व्हायोलेट विलो, जांभळ्या काडीची. द्राक्षाच्या मण्यावर असतो तसा पांढुरका थर तिच्या काडीवर असतो, बोटानं पुसला की खालचा गडद रंग दिसतो.

आता खरी गंमत ऐका. हा रंग झाडाचा नाही, कोवळ्या काडीचा आहे. काडी वर्षाची असते तोवर झळकते. साल जुनी झाली की करडी, खरबरीत. म्हणून तिकडच्या बायका थंडी सरता सरता, नवे डोळे फुटायच्या आधी, अख्खं झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापतात. वर्षाआड तरी कापतातच. बुंध्यातून नव्या काड्यांचा झुबका फुटतो आणि पुढच्या थंडीत पानं गळली की रंग उघडा पडतो. भाचीनं सांगितलं तेव्हा मला कससंच झालं. वाढलेलं झाड मुळाशी कापायचं?

पण ही गोष्ट मी आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना सांगितली, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “खरड छाटणीच की ती,” म्हणाल्या. आमच्या तालुक्यातून किती बायका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, कोणत्या डोळ्यावर कात्री मारायची, हे त्यांच्या हातांना पाठ आहे. गुलाबाची फांदी कुठून कापावी हे मी मासिकात वाचते आणि माझ्याच ओट्यावर चहा पिणाऱ्या बाईला विचारत नाही. याचं मला त्या दिवशी जरा वाईट वाटलं.

मग खरीखुरी लाल विलो मागवायची का? मी नाही मागवली, आणि तुम्हीही मागवू नका असंच माझं मत आहे. त्या रंगाला कडक थंडी लागते, ती आपल्याकडं चार दिवसांची पाहुणी. दुसरं म्हणजे विलो हे तहानलेलं झाड. मुळं ओल शोधत जातात. नळाची पाइप, शोषखड्डा, काही सोडत नाहीत. आणि पेठचं पाणी कसं आहे ते इथल्या बायकांना सांगायला नको. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो दमणगंगेतून, पार नदीतून गुजरातकडं निघून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. अशा गावात चार लाल काड्यांसाठी मी रोज दोन बादल्या ओतणार? मला तरी लाज वाटेल. अंगणात काडीचा रंगच हवा असेल तर वडीच्या अळूचा काळा देठ आहे, लाल मायाळूचा वेल आहे, कृष्णतुळस आहे. भाजी घेताना आपण देठाच्या रंगावरूनच तर पारखतो! मायाळूचे शेंडे खुडत राहिलं की लाल फुटवे येत राहतात. छाटणीही झाली आणि भाजीही.

विलोची हौस मात्र वाया गेली नाही, कारण शोधता शोधता आपली विलो सापडली. तिचं नाव वाळुंज. आडनाव ऐकलं असेल, पुरंदर तालुक्यात या नावाचं गावही आहे. सह्याद्रीत ओढ्या-नद्यांच्या काठी हे झाड आपोआप येतं. पान लांब, निमुळतं, कडेला बारीक दाते, खालून पांढुरकं. देठ तांबूस आणि कोवळ्या फांद्याही तांबूस-जांभळट, त्यांवर रेशमी लव. ‘ब्रिट्झेन्सिस’सारख्या पेटत नाहीत, पण सकाळच्या तिरप्या उन्हात बघाल तर थांबाल.

आमच्या गावाखालच्या ओढ्याला अशी दोन झाडं होती. होती म्हणते, कारण ओढा ‘सरळ’ करायला जेसीबी आला आणि वळणावरचं झाड मुळासकट काढलं. बायका तिथं धुणं धुवायच्या. पुढच्या पावसात नेमका तोच काठ ढासळला आणि धुण्याचे दोन दगड वाहून गेले. पलीकडचं झाड आहे तिथं काठ जागचा हललेला नाही. वाळुंजाच्या मुळांची जाळी माती धरून ठेवते, हे इंजिनिअरला नाही तरी धुणं धुणारीला ठाऊक असतं. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

त्यात आणखी एक घोळ. विलोत नर वेगळा, मादी वेगळी. पावसाळा सरल्यावर तुरे येतात. नराचे पिवळसर, मंद वासाचे, मधमाश्या घोंगावतात. मादीचे पुढं फुटून कापूस उडतो, त्यात बी. राहिलेलं आमचं झाड नर निघालं. म्हणजे आता बी पडणार नाही, रोप आपोआप येणार नाही. लावलं तर काडीनंच.

काडी लावणं मात्र सोपं. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांब, डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन भाग ओल्या मातीत आणि एक भाग वर. पहिल्या पावसात लावायची. घरापासून, विहिरीपासून, पाइपलाइनपासून चांगलं चाळीस-पन्नास फूट लांब. ओढ्याचा काठच उत्तम, तिथं पाणी घालायला कुणाला जावं लागत नाही. शेळ्यांना पाला फार आवडतो, तेव्हा बोरीच्या काट्यांचं कुंपण हवंच. पहिलं वर्ष कात्री लावायची नाही. मग काही झाडं वाढू द्यायची, काही वीतभर ठेवून कापायची.

गेल्या जूनमध्ये मावशी, मी आणि शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून ढासळलेल्या काठावर अकरा काड्या खोचल्या. चार शेळ्यांनी खाल्ल्या, कारण काटे लावायला आम्हीच दोन दिवस उशीर केला. सात आहेत. काडी कुठं कापायची ते मावशींनी ठरवलं, मी नुसती पिशवी धरली होती. मादी झाडाचा अजून शोध चालू आहे. पार नदीच्या अंगाला एक आहे म्हणतात, तुरे यायच्या दिवसांत जाऊन बघणार आहोत. बॉटलब्रशही अंगणात आहे. त्याला मी कात्री लावलेली नाही, चिमण्या बसतात त्याच्यावर.