‘रणांगण’ आणि त्यानंतर

विश्राम बेडेकरांचे नाव निघाले की पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘रणांगण’सारखी कादंबरी लिहिली आणि मग सिनेमात गेले. हे ‘सिनेमात गेले’ आपण ज्या सुरात म्हणतो, तो सूर ‘मुलगा चांगला होता, पण नाटक कंपनीत शिरला’ या जुन्या हळहळीच्या फार जवळचा आहे. गंमत अशी, की हे वाक्य तारखांच्या हिशेबातही टिकत नाही. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला आधी तारखा पाहायची खोड असते, ती इथे उपयोगी पडली. चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर बेडेकरांनी ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट केला १९३४ साली. ‘रणांगण’ आली १९३९ मध्ये. म्हणजे कादंबरीकार सिनेमात गेला नाही. सिनेमातला माणूस कादंबरीत आला. शिवाय ज्या बोटीवर ही कादंबरी घडते, तसा बोटीचा प्रवास त्यांच्या वाट्याला आला तोही चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्यामुळे, परतीच्या वाटेवर.

नाझींच्या छळातून निसटलेली ज्यू मुलगी हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. बोटीवरचे थोडे दिवस. तो मुंबईला उतरतो, तिला पुढे पूर्वेकडे जावे लागते. फडके-खांडेकरांच्या अलंकृत गद्याचा तो काळ; त्यात ही शंभर-सव्वाशे पानांची कादंबरी समुद्राचेही वर्णन फारसे करीत नाही. माणसे डेकवर येतात, चार वाक्ये बोलतात, निघून जातात. न बोललेले वाचकाने ओळखायचे. ही काटकसर बेडेकरांना कॅमेऱ्याने शिकवली असे माझे मत आहे. समीक्षकांनी तिचे श्रेय बहुधा पाश्चात्त्य कादंबरीला दिले.

इथे एका फ्रेंच लेखिकेची आठवण होते. मार्गरीत द्युरास. जन्म १९१४, सायगावजवळचा. कादंबऱ्या लिहिता लिहिता तिने आलँ रेनेसाठी ‘हिरोशिमा मोनामूर’ची पटकथा लिहिली. चित्रपट आला १९५९ मध्ये. त्यातही युद्धाच्या सावलीतले, दोन वंशांतले, थोड्या वेळाचे प्रेम. पुढच्याच वर्षी ती पटकथा पुस्तकरूपाने निघाली आणि तिच्या कादंबऱ्यांच्या शेजारी कपाटात जाऊन बसली. नंतर द्युरास स्वतः दिग्दर्शिका झाली. १९७५ चा तिचा ‘इंडिया साँग’ कलकत्त्यात घडतो, पण चित्रित झाला फ्रान्समध्ये! किशोरवयातल्या एका चिनी प्रियकराची कथा तर तिने १९५०, १९८४ आणि १९९१ अशी तीनदा, दर वेळी निराळी करून लिहिली. तिच्या देशात कोणी म्हटले नाही, की बाई सिनेमात गेल्या. मार्सेल पान्योल तर चित्रपट काढत असतानाच १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आला.

बेडेकरांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत ‘रणांगण’ नाही. आपली सर्वोत्तम कथा या दिग्दर्शकाने पडद्यापासून दूर ठेवली. पण त्यांनी दुसरी कादंबरी लिहिलीच नाही, ही तक्रार मला मान्य नाही. ती त्यांनी लिहिली. तिचे नाव ‘शेजारी’.

प्रभातचा ‘शेजारी’ आला १९४१ मध्ये. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, कथा बेडेकरांची. एका गावातले दोन वृद्ध, एक हिंदू, एक मुसलमान. बुद्धिबळाच्या पटावर बसलेला जिव्हाळा. धरणाच्या कामासाठी गाव हवा असलेला ठेकेदार त्यांच्यात पद्धतशीर वितुष्ट आणतो. शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. आदल्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये, लाहोरचा ठराव झाला होता. जर्मनीतल्या द्वेषावर लिहिलेल्या माणसाने दोन वर्षांत तोच प्रश्न आपल्या वाड्याच्या भिंतीशी आणून उभा केला. हॅर्टा आणि चक्रधर यांच्यामध्ये जे येते तेच या दोन म्हाताऱ्यांमध्ये येते. फरक इतकाच, की ‘शेजारी’त द्वेषाचा लाभार्थी कोण हे बेडेकरांनी नावगावानिशी दाखवले. कर्जाच्या फायली तपासताना आम्ही विचारायचो, पैसा शेवटी कोणाच्या खात्यात जातो? तोच हा प्रश्न.

बेडेकरांचे सगळेच चित्रपट या तोलाचे होते असे मुळीच नाही. १९६३ च्या ‘रुस्तम सोहराब’मधली सज्जाद हुसेनची गाणी उरली, चित्रपट मागे पडला. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ तर चाललाच नाही. मात्र त्यातल्या मुखवट्याच्या एका प्रसंगाला प्रेक्षक घाबरून दाद देतात हे पाहून रामसे बंधू भयपटांकडे वळले. ‘रणांगण’कारांचा हा वारस त्यांना स्वतःला कितपत रुचला असता, कोण जाणे!

मुद्दा दर्जाचा नाही, मोजण्याच्या सवयीचा आहे. हे आमच्या नाशिकनेही ध्यानात घ्यावे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांचे गाव हे. तात्यासाहेब शिरवाडकरही तरुणपणी इथल्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते, ‘सती सुलोचना’त लक्ष्मण झाले होते, पण त्यांच्या चरित्रात ती हकिगत आपण गमतीचा किस्सा म्हणूनच सांगतो. १९८६ मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बेडेकरांकडे गेले, त्याआधीच ‘एक झाड आणि दोन पक्षी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. मानाला काही कमी पडले नाही. कमी पडली ती जपणूक. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, तेव्हा प्रभातच्या काळातल्या नायट्रेट फिती जळाल्या. आपल्याकडे पटकथा क्वचितच छापली जाते. फीत गेली की लेखकाचे शब्दही तिच्याबरोबर जातात.

‘शेजारी’ सुदैवाने आजही पाहता येतो. मराठीच्या एम. ए.ला ‘रणांगण’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एखाद्या तासाला तो वर्गात लावावा आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न घालावा. सोळा गुणांचा.