घाई कोणाला ?

मूल जन्मलें कीं घरांतून पहिला प्रश्न येतो तो मुलगा कीं मुलगी हा. मूल रडलें कां, दूध ओढतें कां, हे प्रश्न मागाहून. आणि या पहिल्या प्रश्नाचें उत्तर सुईणीला किंवा डॉक्टरला देतां आलें नाहीं, तर घरावर जणूं आभाळ कोसळतें. मग कोणी तरी सुचवितो कीं, एक लहानशी शस्त्रक्रिया उरकून घ्या, म्हणजे संशय उरणार नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या सल्ल्यानें मिटतो तो आईबापांचा संशय. किंमत मात्र मूल जन्मभर देतें.

येथें एक गल्लत होते, ती प्रथम सोडविली पाहिजे. आंतरलिंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कांहीं बालकांना अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार असतो. त्याच्या एका प्रकारांत शरीरांतील मीठ लघवीवाटे निघून जातें, मूल ओकतें, सुकतें आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दगावूं शकतें. तेथें तांतडी खरी आहे. पण ती औषधाची, सुरीची नव्हे. डहाणू तालुक्यांतील कैनाडसारख्या गांवीं असें मूल जन्मलें, तर त्याच्या जिवाला धोका आहे तो रक्तांतील क्षार वेळेवर न तपासल्याचा व रोजच्या गोळ्या न मिळाल्याचा. मोठ्या इस्पितळांची मुंबई तेथून सव्वाशें किलोमीटरांच्या घरांत. तान्ह्याच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या मंडळींनीं या गोळ्यांसाठीं कधीं आवाज उठविल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

प्रतिपक्ष विचारतो कीं, दुभंगलेला ओठ शिवतांना बाळाची संमति कोण घेतो ? दृष्टान्त फसवा आहे. ओठ शिवल्यानें मूल नीट दूध पिऊं लागतें. त्याचें कांहीं हरपत नाहीं. जननेंद्रियाला केवळ पाहणाऱ्यांस रुचेल असा आकार देतांना संवेदना जाऊं शकते, बीजग्रंथी काढल्यास अपत्याची आशाही जाते, आणि गेलेलें पुन्हां जोडतां येत नाहीं.

या घाईला शास्त्राचा आधार दिला तो मुख्यतः अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनीं. पहिल्या दीड-दोन वर्षांत ठरवाल तसें मूल घडतें, असा त्यांचा दावा. पुरावा म्हणून पुढें केला एक कॅनडियन मुलगा. तो आंतरलिंगी नव्हता. १९६६ सालीं सुंतेच्या वेळीं त्याचें इंद्रिय जळालें, म्हणून त्याला मुलगी करून वाढविलें. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें तें सोंग फेकून दिलें, पुढें पुरुष म्हणून संसार केला, आणि २००४ सालीं आत्महत्या केली. पुरावा कोसळला, त्याच्या भरंवशावर चाललेली सुरी मात्र थांबली नाहीं.

आपल्या देशांत ती थांबविण्यास न्यायालयें पुढें आलीं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडू शासनानें, जिवाला धोका नसतां तान्ह्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास त्याच वर्षीं बंदी केली. २०२३ सालीं केरळ उच्च न्यायालयानें सात वर्षांच्या मुलाच्या आईबापांनीं मागितलेली परवानगी नाकारली. आणि महाराष्ट्र ? नाशिककडील एका तरुणीनें २०१८ ची पोलीस भरती जिंकली. वैद्यकीय तपासणींत गर्भाशय नाहीं, गुणसूत्रें पुरुषाचीं, म्हणून तिची नेमणूक अडली. जन्मभर स्त्री म्हणून जगलेल्या तिला २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत न्याय मिळाला. वयांत आलेल्या व्यक्तीबद्दलही अहवाल असा चुकतो, तर पाळण्यांतल्या जिवाबद्दल एवढी खात्री कोठून येते ? तमिळनाडूचा कित्ता गिरविण्यास आमच्या शासनास कोणी अडविलें आहे ?

लोक काय म्हणतील, ही आईबापांची भीति आम्ही खोटी मानीत नाहीं. वाडीवस्तींत एका न्हाणाची बातमी सगळीकडे होते. म्हणून मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढविण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. तें अंगरख्यासारखें आहे, पुढें न बसल्यास बदलतां येतें. नांवाचीच पंचाईत असेल, तर किरण हें नांव महाराष्ट्रांत मुलांचेंही आहे आणि मुलींचेंही.