सामाईक खोलीतील अब्रू

शुश्रूषागृहात रुग्णाला दाखल करताना काउंटरवर त्याच्या व्याधीइतकीच अगत्याने चौकशी होते ती खोलीच्या वर्गाची. आणि अनेक जुन्या विमापत्रांत खोलीभाड्याची दैनिक मर्यादा विमारकमेच्या एक टक्का एवढीच असल्याने, व ती ओलांडल्यास खोलीभाड्याबरोबर डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागण्याचे भय असल्याने, मध्यमवर्गीय कुटुंब निमूटपणे ‘ट्विन शेअरिंग’वर बोट ठेवते. ही निवड रास्तच आहे. दोन खाटांच्या खोलीशी माझे भांडण नाही. त्या खोलीतील दोन परस्पर अनोळखी जिवांनी एकमेकांची लाज आणि घाण आपापसांत निस्तरून घ्यावी, असे व्यवस्थापनाने जे गृहीत धरले आहे, त्याविषयी मात्र मला चार शब्द लिहावेसे वाटतात.

खुब्याचे हाड मोडून पडून असलेली, लघवीसाठीसुद्धा बेडपॅनवर अवलंबून असलेली एखादी वृद्धा डोळ्यांसमोर आणावी. शेजारच्या खाटेवरील बाईंना रात्रीच्या सोबतीला त्यांचा मुलगा आला आहे. तोही बिचारा अरुंद बाकावर अंग आखडून पडला आहे. दोन खाटांमध्ये पडदा आहे, परंतु त्याच्या चार कड्या निखळलेल्या, आणि तो पुरता ओढला तरी पायथ्याशी हातभर फट राहते. शिवाय पडदा कापडाचाच. त्याने आवाज अडत नाही, वास तर नाहीच नाही. अशा वेळी ‘मावशी’ म्हणून हाक मारली तर ती कशासाठी, हे खोलीतल्या सर्वांना उमगते. म्हणून ती दिवेलागणीपासून पाणीच बंद करते. ‘आई, दोन घोट घ्या ना,’ असे सून विनवते, तेव्हा ‘तहान नाही गं’ हे ठरलेले उत्तर मिळते. पुढे मलावरोध होतो, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, कधी बरळणेही सुरू होते. आणि केसपेपरवर मात्र ‘रुग्ण पाणी कमी घेतो’ एवढाच शेरा उमटतो, जणू तो रुग्णाचा हट्टच!

स्वच्छतेची कथा याहून निराळी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात झाकण नसलेले मलमूत्राचे भांडे रुग्णाच्या खोलीतून हद्दपार करावे, असे निक्षून सांगितले होते. आजही आपल्याकडे ते भांडे उघडेच खाटेखाली सरकवलेले आढळते, आणि शेजारच्या रुग्णापुढे त्याच घटकेला जेवणाचा डबा उघडलेला असतो. प्रतिजैविकांच्या माऱ्यानंतर उद्भवणाऱ्या एका हट्टी अतिसाराच्या जंतूची बीजे दारावर टांगलेल्या सॅनिटायझरने मरत नाहीत. हातावरून ती घालवायला साबण आणि वाहते पाणीच लागते, आणि अशा रुग्णाला होता होईतो स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय द्यावे लागते. नेमका साबणच बेसिनवर नसतो! नातेवाईक तो घरून डबीत आणतात आणि वापर झाला की पुन्हा पिशवीत घालतात. त्यांना कोण दोष देणार?

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ सालचा अधिनियम आपल्या राज्यात अंमलात आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी त्याला रुग्णहक्कांची सनदही जोडली आहे. ती सनद लिफ्टशेजारी चौकटीत झळकत असते, आणि तिच्यापासून वीस पावलांवर, राउंडला आलेले डॉक्टर खोलीच्या दारातूनच ‘काय आजी, पोट साफ झालं का?’ असे खणखणीत आवाजात विचारतात. हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण आजींनी तेव्हा शेजारणीच्या मुलाकडे पाहावे की भिंतीकडे?

व्यवस्थापनाची कैफियत अशी, की रात्रपाळीला माणसे मिळत नाहीत. एका मावशीकडे अख्खा मजला असतो. ही अडचण खरी आहे, आणि मावशींच्या तुटपुंज्या पगाराकडे पाहता त्यांच्यावर चिडण्यात मला काडीचाही न्याय दिसत नाही. परंतु माणसांच्या टंचाईने पडद्याच्या कड्या तुटत नाहीत, की बेडपॅनची झाकणे गहाळ होत नाहीत. स्त्रियांच्या खोलीत रात्री सोबतीला स्त्रीच असावी, आणि ते ज्या कुटुंबाला शक्य नाही, त्याच्यासाठी आया पुरवण्याची तजवीज दाखल करतानाच व्हावी, याला लागतो तो दप्तरातला एक हुकूम. नाडी आणि ताप यांची वेळ परिचारिका तक्त्यात टिपतातच. त्याच तक्त्यात बेडपॅन केव्हा मागितले आणि केव्हा मिळाले, असे आणखी दोन रकाने आखावेत, आणि सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ते तापाच्या आधी वाचावेत.