सांबऱ्याचं विमान आणि इंदूरची आत्या

मंडळी, आमच्या बेळगावात विमानतळाचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींवर येतं. एक, त्याला नाव कुणाचं द्यायचं. आणि दुसरं, हुबळीवाल्यांनी आमची विमानं कशी पळवली. नावाचा ठराव तर कर्नाटक विधानसभेनं २०२३ च्या डिसेंबरात करूनही टाकला, कित्तूर राणी चन्नम्मांचा. राणी मोठीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाटीवर मराठी का नाही हा प्रश्नही माझ्या मनात आहेच, तो मी सोडलेला नाही. पण आज मला तिसऱ्याच गोष्टीवर लिहायचंय. पाटी कुठल्याही भाषेत असो, तिच्या आत शिरल्यावर पुढच्या वर्षीही आपल्या गावाचं विमान असेल का, याची खात्री कोण देणार?

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा विमानतळ सांबऱ्याला, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर, बागलकोट रोडला. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिशांच्या हवाई दलानं ही धावपट्टी बांधली. आमच्या लहानपणी सांबरा म्हणजे एअरफोर्स, बस्स. तिथं आजही हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी इथून लढाऊ विमानं उडाली, ते दादा (माझे वडील) अजून रंगवून सांगतात. बाजारात कुणीतरी बातमी आणली आणि माणसं वर बघत रस्त्यात उभी राहिली म्हणे. सामान्य माणसानं तिथून विमानात बसायचं ही गोष्ट मात्र फार उशिरा आली. २०१७ च्या सप्टेंबरात नवी इमारत झाली, धावपट्टी २,३०० मीटरची झाली. त्यासाठी सांबऱ्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हे विसरायचं नाही. चांगली काळी जमीन होती ती.

आणि इमारत होऊन आठ-नऊ महिने झाले नाहीत तोवर, २०१८ च्या मे महिन्यात, होती ती विमानं हुबळीला गेली.

याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडे ते सगळं पुढाऱ्यांच्या डोक्यावर फोडतात. केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ ची. विमान नसलेल्या किंवा अगदी थोडी असलेल्या गावांना जोडायचं, निम्म्या जागांचं तिकीट तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजारांपर्यंत ठेवायचं, आणि कंपनीला जो तोटा येईल तो सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा. ऐंशी टक्के केंद्राच्या निधीतून, वीस टक्के राज्याकडून. इंधनावरचा राज्याचा करही एक टक्क्यावर. आता बेळगावला आधीपासून विमानं होती, म्हणून बेळगाव यादीत नाही. हुबळी यादीत. मग कंपनीनं काय करायचं? जिथं पैसे मिळतात तिथं गेली. म्हणजे आमचा गुन्हा काय, तर आमच्याकडे विमान चालत होतं! चालतंय त्याला मदत नाही, म्हणून ते बंद पडणार, आणि बंद पडलं की मग मदतीला पात्र होणार. झालंही तसंच. २०१९ च्या जानेवारीत तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं आणि एकापाठोपाठ एक गावं जोडली गेली. २०२० च्या जानेवारीत त्यात इंदूर आलं.

इंदूरकर मंडळींनो, तुम्हाला ही केवढी गोष्ट वाटली ते माहीत नाही. आमच्या घरात सण होता.

माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली ती साठ सालाच्या आसपास. तेव्हा बेळगावची मुलगी इंदूरला देणं म्हणजे जवळजवळ परदेशी देणं. आधी पुणं गाठायचं, तिथं कुणाकडं तरी मुक्काम, मग पुढची गाडी. दोन-अडीच दिवसांचा खटाटोप. आत्या पाच-सात वर्षांनी एकदा यायची, महिनाभर राहायची. तिची मराठी हळूहळू हिंदी झाली आणि आमची कानडी. ती म्हणायची, ‘बाळ दुबला झालाय ना एकदम.’ दादा म्हणायचे, ‘वाळलाय की गं अक्का, होय.’ दोघंही आपापल्या परीनं शुद्ध मराठीच बोलत होते!

कोविडचं सगळं निवळल्यावर मी दादांना त्या विमानानं घेऊन गेले. दादा चौऱ्याऐंशीचे. गुडघे गेलेले, त्यात लघवीचा त्रास, दर तासाला उठायला लागतं. रात्रीच्या बसचं नावच काढायचं नव्हतं. सांबऱ्यावर मोठ्या शहरातली धावपळ नसते, हा लहान विमानतळाचा खरा फायदा. रिक्षा दारापर्यंत जाते, चाकाची खुर्ची मिळते, दारापासून विमानापर्यंत चालणं ते केवढं. तिथल्या पोरानं खुर्ची ढकलता ढकलता विचारलं, ‘आजोबा, कुठं निघालाय?’ दादा म्हणाले, ‘बहिणीकडं.’ पन्नास माणसांचं विमान. दीड-पावणेदोन तासांत इंदूर. उतरल्यावर अहिल्याबाई होळकरांचं नाव वाचून दादांनी खुर्चीतूनच हात जोडले. बारा वर्षांनी बहीण-भाऊ भेटले. कुंद्याचा डबा आत्यानं मांडीवरून खाली ठेवला नाही. अठ्ठ्याऐंशीची होती ती.

तीन वर्षांची मुदत ही कागदावरची गोष्ट, ती प्रवाशाला कुणी सांगत नाही. आधी वार कमी होतात. मग एक महिना ‘तांत्रिक कारण’. मग एके दिवशी मोबाईलवर तारीख टाकली की तिकीटच दिसत नाही, त्याऐवजी बेंगळूरमार्गे दिसतं. इंदूर उत्तरेला, बेंगळूर दक्षिणेला. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा! वर मध्ये सहा तास थांबा, आणि दोघांच्या तिकिटात इथं एका माणसाची महिन्याची पेन्शन जाते.

आत्या आजारी पडली तेव्हा सगळे रस्ते चाचपून झाले. गाडी करून गोव्याला जायचं आणि तिथून मुंबई, तिथून इंदूर. किंवा पुण्यापर्यंत गाडी आणि पुढं विमान. चोर्ला घाटात दादांना बसवायची डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. पुण्यापर्यंतचे सात-आठ तासही नकोच म्हणाले. ती तेरा दिवस दवाखान्यात होती. त्या तेरा दिवसांत आधीच्या हिशेबानं विमानाच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या असत्या. दादांनी शेवटचं बघितलं ते भाच्यानं धरलेल्या फोनवर. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता, त्यामुळं नीट दिसलंही नाही.

असं कुणाचं होत नाही? होतं. माझा मुद्दा वेगळा आहे. सवय लावायची आणि मग काढून घ्यायची, हा प्रकार मला मान्य नाही. विमान कधीच नसतं तर आम्ही दोन वर्षांपूर्वीच, दादांची तब्येत होती तेव्हा, रेल्वेनं दोनदा जाऊन आलो असतो. विमान आहे म्हणून सगळ्यांनीच ‘पुढच्या दिवाळीला जाऊ’ म्हटलं. लोक घर, नोकरी, सोयरीक सगळं येण्याजाण्याच्या सोयीवर ठरवतात. माझ्या ओळखीतल्या एकीनं तर मुलगी इंदूरला दिली ती ‘थेट विमान आहे’ या एका वाक्यावर.

आणि ही फक्त बेळगावची रड नाही. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आहे, तो बघा. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले त्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही २०२३ च्या मार्चमध्ये चालू होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! कुणी वाईट हेतूनं योजना केली असं मी म्हणत नाही. दादांना बहीण भेटली ती या योजनेमुळंच. पण ज्याची चौदातली एकच गोष्ट टिकते, त्याच्या उद्घाटनाला इतके हारतुरे कशाला?

आमच्यातले व्यापारी मला म्हणतात, ‘ताई, कंपनीनं तोटा खाऊन विमान चालवायचं काय? पन्नास सीट, त्यात वीस रिकाम्या.’ बरोबर आहे की. कंपनी काही धर्मादाय नाही. पण मग जमीन कुणाची? धावपट्टी, इमारत, टॉवरमधली माणसं, हे सगळं कुणाच्या पैशातून? तीन वर्षं तोटा भरून दिला तो कुणी? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून तो निधी उभा राहतो, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशानंही आमच्यासाठी पैसे दिले. एवढं सगळं जनतेचं असताना बंद करण्याचा निर्णय तेवढा खासगी कसा?

नियमाचीही गंमत आहे. विमान ऐनवेळी रद्द झालं, चोवीस तास आधी कळवलं नाही, तर भरपाईचा नियम आहे. तासाभराच्या प्रवासाला पाच हजार किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. पाऊस, धुकं असलं तर तेही नाही. आमच्याकडे जुलैत ढग इतके खाली येतात की विमान वर घिरट्या घालून परत जातं, त्याला कुणाचा इलाज नाही, ते समजू शकतं. त्या दिवशी प्रवाशांना शहरात सोडायला एक बस असावी, एवढंच म्हणणं. रात्री सांबऱ्याहून रिक्षावाला मागेल ते द्यायला लागतं. पण अख्खा मार्गच बंद केला, दोन आठवडे आधी कळवलं, पैसे परत दिले, की संपलं. एका दिवसाच्या विमानासाठी प्रवाशाला हक्क आहे, रोजच्या विमानासाठी नाही.

माझं मागणं फार नाही. मदत घेऊन चालवलेला मार्ग बंद करायचा असेल तर सहा महिने आधी जाहीर करा, विमानतळावर पाटी लावा, हव्या तेवढ्या भाषांत. तीन वर्षं झाली की पैसे एकदम शून्य करू नका, वर्षाला थोडे थोडे कमी करा. आठवड्याला चार फेऱ्या परवडत नसतील तर दोन ठेवा, पण वार पक्के ठेवा. सोमवार आणि शुक्रवार म्हटलं की सोमवार आणि शुक्रवार. माणसं त्याप्रमाणं जगणं लावून घेतात, एसटीच्या मुक्कामी गाडीप्रमाणं लावून घेतलं होतंच की. आणि जो मार्ग चालतोय त्यालाही आधार द्या, म्हणजे पुन्हा २०१८ नको.

हुबळीबद्दल एक. हुबळी शंभर किलोमीटर, कोल्हापूर एकशे दहाच्या आसपास, पलीकडे गोव्यात दाभोळी होतंच, आता मोपाही. चारी बाजूंनी विमानतळ आणि प्रत्येकाला सगळीच विमानं आपल्याकडे हवीत. आमची शिष्टमंडळं दिल्लीला जातात, हुबळीची त्याच्या मागच्या गाडीनं जातात. त्यापेक्षा दोघांनी बसून वार वाटून घेतले, सांबऱ्याहून हुबळीच्या विमानाला जोडबस धरली, तर काय बिघडलं? कानडी-मराठीचा वाद यात आणायची गरज नाही. हुबळीच्या बाईचीही कुठंतरी बहीण असेल. तसंच आपल्यातलेही पुष्कळजण पाचशे रुपये वाचतात म्हणून मोपा गाठतात आणि बेळगावचं विमान बंद पडलं की मोर्च्यात पुढं असतात, तेही सांगून टाकते. राग आला तर येऊ दे.

२०२३ च्या ऑक्टोबरात दिल्लीचं थेट विमान सुरू झालं तेव्हा सगळ्या ग्रुपवर फोटो फिरले. चांगलं झालं, लष्करातल्या पोरांची मोठी सोय झाली, इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. पण बेळगावच्या जुन्या घरांचे धागे दिल्लीला कमी आणि इंदूर, बडोदा, पुणे, मुंबईला जास्त आहेत. ते मागणार कोण? विमानतळाच्या सल्लागार समितीत खासदार-आमदार, व्यापारी, उद्योजक असतात. माहेरवाशिणी नसतात.

विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या आधी महिनाभर निवेदन गेलं तर उपयोग. मी एक मसुदा केलाय. त्यात इंदूर, बडोदा आणि पुणे ही तीन गावं आहेत. कुणाकुणाची माणसं तिथं आहेत, वर्षातून किती वेळा जाणं होतं, कुठल्या वारी सोयीचं पडेल, एवढं खाली लिहा. आकडे हातात असले तर बोलायला बरं पडतं. इंदूरच्या बाजूनंही कुणी असंच गोळा करत असेल तर कळवा, दोन्ही एकदम पाठवू. दादांचा विचारून झालाय. शुक्रवार चालेल म्हणालेत, भाच्याकडे जायचंय.