मागची चाकं दिसतायत का?

परवाची गोष्ट. कर्वे रोड, सकाळचे साडेनऊ, लाल सिग्नल. दहाला मीटिंग, त्यामुळे अस्मादिक पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटून उभे. तिच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' सोडलं तर समोर काहीच दिसत नव्हतं.

आणि मागून सायरन.

आरशात पाहिलं, तीन गाड्या सोडून ॲम्ब्युलन्स. डावीकडे फुटपाथलगत गाडीभर जागा मोकळी होती. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, पण पुढच्या बम्परला घासल्याशिवाय नाक वळेना. रिव्हर्स घ्यावा तर मागचा मलाच चिकटलेला. म्हणजे जागा होती, पण तिथवर जायला जागा नव्हती! सिग्नल सुटेपर्यंत आम्ही सगळे नुसते बसून. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशेजारी एक काका होते. चिडले नाहीत, हातवारे केले नाहीत, फक्त समोर बघत राहिले. ते बघणं अजून डोक्यातून जात नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर सांगायचे, ''पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर तू गाडीत नाहीस, डब्यात आहेस.'' तेवढ्या अंतरात गाडी बाजूला काढता येते, मागून कुणी ठोकलं तर आपण पुढच्यावर आदळायची शक्यता कमी होते आणि चढावर पुढचा थोडा मागे घसरला तरी धोका नाही. लायसन्स मिळालं आणि सर विसरलो.

बरं, चिकटून उभं राहून मिळतं काय? 2017 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी सिग्नलला गाड्या वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या करून, ड्रोनने शूटिंग करून हेच तपासलं. साधारण 25 फुटांपर्यंत अंतर ठेवलं तरी सिग्नल पार करायला वेळ तेवढाच! कारण सोपं आहे. चिकटलेल्या गाडीला हिरवा लागल्यावरही पुढची लांब जाईपर्यंत थांबावंच लागतं. आधी कमावलेले चार फूट तिथेच जातात.

''पण बॉस, पुण्यात गॅप सोडली की स्कूटर घुसते!'' अगदी मान्य. गेला आठवडाभर मी चाकं बघून थांबतोय. रोज कुणीतरी घुसतं, मागचा हॉर्न मारतो. ऑफिसला मात्र त्याच वेळेला पोचतोय.

गुरुवारी एक ॲक्टिव्हावाली माझ्या गॅपमध्ये शिरली आणि मागे वळून ओशाळं हसली. म्हटलं, बिनधास्त थांब. सायरन वाजला तर तू दोन सेकंदांत बाजूला होशील आणि तुझी जागा मला मिळेल.

ॲम्ब्युलन्सला वाट न देण्याचा दंड 2019 पासून 10,000 रुपये आहे. पण मला त्या दंडाची भीती नाही वाटत. मला ते काका आठवतात.

आज घरी जाताना सिग्नलला फक्त एकदा बघा. दिसतायत चाकं?