काळ्या वाळूतला पांढरा रंग

ईद जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. आम्ही वर्गात पांढऱ्या रंगाचा रिकामा डबा नेला आणि विचारले, "हा पांढरेपणा कुठून आला?" चुना, खडू अशी उत्तरे आली. काळी वाळू कोणालाच सुचली नाही.

रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या किनाऱ्यांवर वाळूत काळे पट्टे दिसतात. मुले त्यांना घाण समजतात. ते आहे इल्मेनाईट. लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे खनिज. सह्याद्रीचा काळा दगड झिजतो, त्यातले कण नद्या समुद्रात आणतात. साधी वाळू पाण्याच्या सुमारे 2.6 पट जड, तर इल्मेनाईट 4.7 पट. लाट हलके कण ओढून नेते, जड मागे राहतात. आपली आई सुपात धान्य पाखडते, तसेच हे!

घरी लोहचुंबक असेल तर कोरड्या काळ्या वाळूवरून फिरवा. चटकन चिकटेल तो बहुतेक मॅग्नेटाईट. इल्मेनाईटला चुंबकाची ओढ कमी, त्याला जोरकस चुंबक लागतो. कारखान्यात दोन्ही असेच वेगळे करतात.

पुढे आम्लाची प्रक्रिया करून लोह बाजूला काढले की टायटॅनियम डायऑक्साइडची शुभ्र पूड मिळते. ती रंगात, कागदात, प्लॅस्टिकमध्ये, टूथपेस्टमध्ये असते. पूर्वी पांढऱ्या रंगात विषारी शिसे वापरत. या पुडीने त्याची जागा घेतली. याच खनिजापासून टायटॅनियम धातूही काढता येतो. तो पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचा, न गंजणारा आणि शरीराला सोसणारा. मोडलेल्या हाडात बसवतात तो स्क्रू अनेकदा त्याचाच असतो.

मग सगळी वाळू उपसावी का? वर्गात एका मुलीने विचारले, "सर, वाळू नेली तर अब्बांची होडी कुठे ओढायची?" तिच्या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. किनाऱ्याची वाळू लाटेचा मार झेलते. ती बेफिकीरपणे काढली तर समुद्र आत सरकतो, विहिरी खाऱ्या होण्याची भीती असते. खनिज काढून उरलेली वाळू जागेवर परत टाकणे आणि खणण्याआधी गावाला विचारणे, एवढे तरी व्हायला हवे.

या वेळी भिंतीवर ब्रश फिरवताना त्या मुलीचा प्रश्न घरच्या मुलांपुढे ठेवा. त्यांचे उत्तर काय येते, ते ऐका.